थट्टेखालची सही

आमच्या शाळेत बारावीची मुलं जाताना मृत्युपत्र लिहायची. खोटं खोटं, गमतीचं. शाळेच्या वर्तमानपत्राच्या शेवटच्या अंकात प्रत्येकाला पन्नास शब्द मिळायचे आणि आपण कोणासाठी काय ठेवून जातोय ते त्यात लिहायचं. पार्किंगमधली झाडाखालची जागा धाकट्या बहिणीला, वर्षभर न धुतलेले मोजे टीमच्या नव्या कॅप्टनला, केमिस्ट्रीच्या टकल्या सरांना एक कंगवा. सरही हसत हसत कंगवा स्वीकारायचे. या लोकांना मरणाचीसुद्धा थट्टा जमते, याचं मला तेव्हा फार कौतुक होतं.

शिकागोजवळ शॉमबर्गला राहायचो आम्ही. २००६ सालचा वसंत होता, मी अकरावीत होते आणि मृत्युपत्रं टाइप करायचं काम माझ्याकडे होतं. स्पेलिंग पक्कं आणि नाही म्हणायची सवय नाही, अशा मुलीकडे दुसरं काय येणार? आधीच्या वर्षी कोणीतरी एका मुलीसाठी ‘माझं डाएट’ ठेवलं होतं आणि तिचे आईवडील शाळेत येऊन भांडून गेले होते. तेव्हापासून नियम झाला होता. ज्याचा उल्लेख असेल त्याने गुलाबी चिठ्ठीवर सही करायची, नाहीतर ते वाक्य उडवायचं. चिठ्ठ्या घेऊन शाळाभर हिंडायचं कामही अर्थात माझंच.

बारावीत एक मराठी मुलगा होता, पुण्याचा. आमच्याच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये राहायचा आणि रोज सकाळी मला आपल्या गाडीतून शाळेत न्यायचा. मला तो आवडायचा, हे सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. आम्ही नागपूरचे बौद्ध. हे त्याच्या घरी ठाऊक नव्हतं तोवर त्याची आई आमच्याकडे दर आठवड्याला यायची. मग एकदा दिवाणखान्यात बुद्धाच्या मूर्तीशेजारची निळ्या कोटातली तसबीर तिने नीट पाहिली. आईने चहा ठेवला होता. काकू म्हणाल्या, आत्ताच पिऊन आले. पुढे त्यांना वेळच मिळेना. मी बाबांना म्हटलं होतं, पाहुणे आले की तसबीर आतल्या खोलीत ठेवू या का? बाबा म्हणाले, “पाहुण्यांना आतल्या खोलीत बसव.”

त्या वसंतात भारतात राखीव जागांवरून पुन्हा रान पेटलं होतं. शॉमबर्गच्या मराठी घरांतही ईमेलवर ईमेल फॉरवर्ड होत होत्या. स्वतः देश सोडून आलेली माणसं तिथल्या कॉलेजांतल्या जागांसाठी इथे गळे काढत होती. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

त्याचं मृत्युपत्र शेवटी आलं. गणिताच्या बाईंना जुना कॅल्क्युलेटर, धाकट्या भावाला गाडीचा मोडका रेडिओ. आणि मग: ‘मी जिला रोज शाळेत आणतो तिला माझा एसएटीचा स्कोअर. तिला त्याची गरज नाही म्हणा. तिच्या लोकांना मार्कांशिवायच जागा मिळते.’

मी ते टाइप केलं. सवयीने त्यातलं एक स्पेलिंगही सुधारलं. मग लक्षात आलं की आपण काय टाइप केलंय.

दुपारी त्याला त्याच्या लॉकरपाशी गाठलं.

“हे काय लिहिलंयस?”

“जोक आहे यार. इथे कोणाला कळणारे?”

“मला कळलं.”

“मग तू एक्स्प्लेन करणारेस का सगळ्यांना?” तो हसत होता. त्यात दुष्टपणा नव्हता, हेच मला आजवर पचलेलं नाही. रोज जेवणाच्या टेबलावर जे ऐकायचा ते त्याने शाळेत आणलं होतं. “चिल. साइन कर ना, आज डेडलाइन आहे.”

वर्तमानपत्र बघणाऱ्या बाईंना त्या वाक्यात काही खटकलं नाही. त्या हसल्या. भारतीय मुलं हुशार असतात, त्यांना काय, कुठेही प्रवेश मिळतो, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला होता. तरी नियम म्हणून त्यांनी विचारलं, “तुझी काही हरकत नाही ना?”

हरकत घ्यायची तर सांगावं लागणार होतं की ‘तिचे लोक’ म्हणजे कोण. नववीपासून त्या शाळेच्या लेखी मी नुसती इंडियन होते, आणि मला ते आवडत होतं. विहिरी, देवळं, काकूंचा न घेतलेला चहा, हे सगळं त्या भल्या बाईंसमोर मांडायचं? आणि उद्या सकाळी मला गाडीतून कोण आणणार? मी गुलाबी चिठ्ठी घेतली आणि सही केली.

सही मी मराठीत करते. आजोबा गिरणीत रजिस्टरवर अंगठा उठवायचे. बाबा शाळेत जायला लागले तेव्हा त्यांनी आपल्या बापाला सही शिकवली. जन्मभर आजोबांना तेवढंच लिहिता आलं. शेवटी एक लांब रेघ ओढायचे, पान संपेपर्यंत. बाबांनी मला तीच सही गिरवायला लावली होती, रेघेसकट.

शेवटचा अंक टपालाने घरोघरी जातो, हे मी विसरले होते. दोनशे पाकिटांवर पत्ते चिकटवले मी, त्यात आमचाही. शनिवारी सकाळी बाबांनी अंक उघडला. त्यांना छापलेलं सगळं वाचायची सवय, अगदी औषधाच्या डबीवरचंसुद्धा. मी समोर सीरियल खात होते. त्यांचं बोट एका जागी थांबलं.

“हे छापायच्या आधी तुला कोणी विचारलं होतं?”

“नो, बाबा.”

मी सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाले.

सोमवारी त्यांनी अर्धी सुट्टी टाकली. ऑफिसच्या इंटरव्ह्यूला घातलेला कोट घातला आणि शाळेत येऊन माझ्या देखत त्या बाईंना सगळं समजावून सांगितलं. कोणत्या लोकांना काय म्हटलंय, त्याचा अर्थ काय, आपले वडील कुठून पाणी आणायचे. आवाज एकदाही चढला नाही. जे सांगायची मला लाज वाटली होती ते त्यांनी ताठ बसून वीस मिनिटांत सांगितलं. बाईंचा चेहरा उतरला. “आय ॲम सो सॉरी,” त्या म्हणाल्या, आणि मग गोंधळून माझ्याकडे पाहत त्यांनी फाइलमधून गुलाबी चिठ्ठी काढून बाबांपुढे ठेवली. “पण हिने परवानगी दिली होती.”

बाबांनी चष्मा लावला. ती सही ओळखायला त्यांना चष्म्याची गरज नव्हती. त्यांनी बाईंचे आभार मानले, वेळ घेतल्याबद्दल माफी मागितली आणि उठले. माफी त्यांनी मागितली.

पार्किंगमध्ये गाडी सुरू करण्याआधी बाबांनी कोट काढला आणि घडी घालून मागच्या सीटवर ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं. मी म्हटलं, “बाबा, सॉरी.”

“रेघ छान आली आहे,” ते म्हणाले. “आजोबांसारखी.”