बेल वाजली तरी बसून राहायचं

मामीचा फोन आला तेव्हा मी तळेगावला ऑफिसात चहा घेत होतो. "आरं, तुजा मामा गेटपाशी पडलाय," एवढंच ती बोलली. शनिवार होता. खंडाळ्याच्या बंगल्यावर पाहुण्यांची गाडी हॉर्न देत उभी होती आणि तुकाराममामा नेहमीसारखा घाईनं गेट उघडायला गेला होता. गेट उघडलं, गाडी आत आली, मामा खाली बसला… तो उठलाच नाही. काम पुरं करून गेला, असं लोक म्हणाले. मला ते बोलणं आवडलं नाही.

उभा जन्म तो त्या बंगल्याचा राखणदार होता. मालक शेठ मुंबईला, आणि मामा-मामीचा संसार मागच्या आवारातल्या एका खोलीत. नोकरी आहे तोवर छप्पर. फंड नाही, पेन्शन नाही. म्हातारपणाचं काय, हा घोर त्याला तरुणपणीच लागला होता. आमच्याकडे बंगल्याची दुरुस्ती निघाली की काढलेलं जुनं सामान राखणदाराला मिळतं. बाकीचे ते भंगारात घालून मोकळे होतात. मामा मात्र एकेक दार, एकेक खिडकी टेम्पोनं कुसगावला न्यायचा आणि वडिलांच्या जमिनीच्या तुकड्यावरच्या गोठ्यात रचून ठेवायचा. भिंती नंतर आल्या, त्या दारांच्या मापानं. त्या घरातलं एकही दार दुसऱ्यासारखं नाही. न्हाणीच्या दाराला तर रंगीत काच आहे, आतून टॉवेल अडकवावा लागतो.

गावातले चिडवायचे, "तुकाभाऊ, घर बांधतूस का दारांचं दुकान?"

"व्हय, तुला बी देतो एक. तोंडाला लावून घे!"

आमच्या दोन्ही घरांत पहिला पदवीधर मी. बी.कॉम. झालो, आणि हे मी मिरवून सांगतो, कारण फी मामानं भरली होती. त्या घराची एक खोली माझ्यात आहे. तेव्हा शिकल्यासारखं बोलणं माझं कामच होतं. "मामा, सगळं भिंतीत घालू नको. थोडं पेन्शनच्या योजनेत टाक, म्हातारपणी महिन्याच्या महिन्याला हातात येईल."

"तुजी योजना पावसात डोक्यावर येती का रं?"

लोणावळ्याचा पाऊस त्यानं परक्या छपराखाली काढला होता. पण घर पुरं झालं, रंगही लागला, आणि मी म्हणालो, नोकरी सोड, चल आता राहायला, तेव्हा तो ओट्यावर बसला. "घर झालं रं… पन बसून खायाचं काय? भिंती चाटू? औंदाचा सीझन होऊ दे." मग पुढच्या वर्षीही औंदाचा सीझन. हाती होतं ते सगळं विटा-सिमेंटात गेलं होतं. ज्या घरात निवांत बसायचं, त्याच घरानं त्याला कामावर धरून ठेवलं. सणाला दोघं यायची, झाडलोट करायची, कुलूप लावून परत खंडाळ्याला जायची.

त्या कुलपाच्या वरच त्यानं बेल बसवली होती. बंगल्यातलीच जुनी. "जन्मभर बेल वाजली की मी उटलो. हितं बेल वाजली तरी बसून ऱ्हानार. बसूनच म्हननार, या, उघडंच हाय!" सांगताना मांडी घालून दाखवायचा. मामी हसून म्हणायची, "आन् च्या कोन करंल, पावनाच का?"

शेठ वाईट नव्हते. दवाखान्याचं त्यांनी पाहिलं, दहाव्याला येऊन गेले. पण नवा राखणदार ठेवायचा, तर खोली लागणार. मामीनं दोन ट्रंका उचलल्या आणि कुसगावला आली. ज्या घरात दोघांनी म्हातारपण काढायचं, त्यात ती एकटी शिरली.

गेल्या रविवारी गेलो. आजवर ती बेल मी कधी दाबली नव्हती, आत कुणी असायचंच नाही. दाबली. आतून भांडं खाली ठेवल्याचा आवाज, मग पावलं… "आले, आले!" मामी पदराला हात पुसत, धापा टाकत दारात. मला पाहून थबकली. मग तिनं वर बेलकडं पाहिलं.

म्हणाली, "भाईर जा. दार नुसतं वढून घे. परत वाजव."

मी बाहेर आलो. दाबली. बेल वाजून थांबली. बराच वेळ काहीच नाही. मग आतून, जमिनीलगतून, बसल्या माणसाचा आवाज आला, "या… उघडंच हाय."