मंडळाच्या पार्किंगमधले लाल त्रिकोण

मोरेश्वर काकांनी आयटी सोडली, म्हणजे आयटीनेच त्यांना सोडलं, आणि ते ट्रक चालवू लागले. अमेरिकेतल्या पार्सिपनी गावच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष रवींद्र तेव्हा म्हणाले, "ट्रक? वॉव! एकदम डिफरंट, यार!" ते 'डिफरंट' इतकं हळुवार होतं, की दुखवट्याला आलेलं माणूस बरं.

शाळेच्या हॉलमधल्या दिवाळीच्या कार्यक्रमाला काका कामावरून थेट आले, ट्रक शाळेमागे लावून. रवींद्रना पाहुण्यांच्या गाडीसाठी जागा अडवायची होती.

"मोरेश्वर, तुझ्याकडे ते लाल त्रिकोण असतात ना? दे की! प्रोग्रॅम झाला की लगेच रिटर्न."

ट्रक रस्त्यात बंद पडला की मागच्यांना लांबूनच कळावं म्हणून मांडायचे ते तीन चमकते त्रिकोण. ते नसतील तर ट्रक रस्त्यावर काढायचा नाही, हा नियम काकांना पाठ होता. पण मंडळात नाही कोण म्हणणार? त्यांनी डबाच काढून दिला.

मंडळाची रीत ठरलेली. पातेली असोत, समया असोत, एकदा मंडळाच्या हाताला लागलं की कुणाच्या तरी गराजमध्ये जातं आणि तिथेच म्हातारं होतं. दोन रविवार गेले. रवींद्र भेटले, हसले, "अरे हो हो, तुझं ते!" म्हणाले आणि ढोकळा घेऊन पुढे सरकले.

"बाबा, जस्ट टेक्स्ट हिम!" लेक केया वैतागली.

"बरं दिसतं का गं ते? आपलीच माणसं."

नवे घ्यावेत, तर आपली माणसं वस्तू परत देत नाहीत हे स्वतःशी कबूल करण्यासारखं. म्हणून रोज सकाळी गाडी तपासताना काका त्या रिकाम्या कप्प्याकडे बघायचं टाळत आणि निघत. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते काही उगाच नाही.

मग एका संध्याकाळी, महामार्गाच्या वळणापुढेच टायर फुटला. काकांनी ट्रक कडेला घेतला, चारही दिवे लुकलुकते ठेवले, फोन लावला. वळणाआड ते दिवे दिसणार कुणाला? एक छोटी गाडी आली आणि ट्रकच्या मागच्या कोपऱ्यावर आदळली. चालवणाऱ्या बाईचा हात मोडला. काका तिच्याजवळ बसून "सॉरी, मॅम" एवढंच म्हणत राहिले.

पोलिसाने विचारलं, "सर, व्हेअर आर युअर ट्रँगल्स?"

काय सांगणार? मंडळात आहेत?

कंपनीने त्याच आठवड्यात ट्रकच्या किल्ल्या काढून घेतल्या. काकांनी रवींद्रना फोन केला. पलीकडून आवाज आला, "अरेरे! पण मग बोलायचंस ना, मोरेश्वर! तू ना, फार संकोची!"

संक्रांतीला केयाने आग्रहाने मंडळात नेलं. शाळेच्या दारासमोर तिन्ही त्रिकोण ओळीत मांडलेले, मधे अध्यक्षांच्या गाडीची जागा राखून. काकांनी गाडी थांबवली, उतरले आणि एकेक त्रिकोण दुमडून काखेत मारला. ट्रक आता नव्हताच, तरी मारला.

दारातून तिळगूळ वाटता वाटता रवींद्र ओरडले, "अरे मोरेश्वर! घ्यायच्या आधी विचारायची काही पद्धत?"

काकांनी मागे वळून पाहिलं नाही. केया मात्र गाडीची काच खाली करून, हुबेहूब रवींद्रंच्याच सुरात म्हणाली, "लगेच रिटर्न, रवींद्रकाका!"