दोन भावंडांतला मधला

घरात भावंडं दोनच. तरी ताई धाकट्या भावाला ‘मधला’ म्हणायची, आणि ते नाव त्याला असं चिकटलं की शेजारीपाजारीही तेच म्हणायला लागले. कुठं दोघांचं वाजलं की हा मध्ये. बरं, मध्ये पडून एकाची बाजू घेईल, तर तेही नाही. “तुझंही खरं, त्याचंही खरं,” एवढं बोलून स्वारी चहा प्यायला मोकळी.

चौतिसाव्या वर्षी विम्याच्या ऑफिसातली नोकरी सांभाळून त्यानं एम.ए.ला नाव घातलं. विषय: राजकीय संघर्ष आणि त्यांचं निराकरण. शिकायला वय नसतं, मान्य. पण पहिल्या सहामाहीतच गड्याची जीभ बदलली. भांडणाला संघर्ष म्हणायचं, भांडणाऱ्यांना हितसंबंधी घटक म्हणायचं, आणि आपल्याला काही कळलं नाही तर त्याला गुंतागुंत म्हणायचं. बायको रागावली की हा तिला सांगायचा, “आपण तुझ्या भूमिकेमागची गरज समजून घेऊ.” गरज एवढीच असायची की यानं उठून गॅसचा सिलिंडर आणावा.

इमारतीत गाडी लावायच्या जागेवरून तळमजल्याचा दंतवैद्य आणि वरचा निवृत्त पोस्टमास्तर यांची जुंपली होती. आयतं गिऱ्हाईक सापडलं. मधल्यानं गच्चीवर तीन बैठका घेतल्या, भिंतीला मोठा कागद लावून रंगीत गोल काढले, एकाला दुसऱ्याच्या खुर्चीत बसवलं. चौथ्या बैठकीला दोघंही आले नाहीत. त्यांचा समेट झाला होता, पण याच्याविरुद्ध. दोघं मिळून सोसायटीकडे अर्ज घेऊन गेले की या माणसाला आवरा. मधल्यानं मात्र तो प्रयोग यशस्वी म्हणून वहीत लिहून ठेवला. नाकानं कांदे सोलणाऱ्याला डोळ्यांतून पाणी कुठून येणार!

हे सगळं ताईनं हसण्यावारी नेलं असतं. पण बाबांनी त्या एम.ए.वर भलतीच आशा लावली होती.

बाबा घड्याळजी. बावीस वर्षांपूर्वी सत्तेतल्या पक्षानं बंद पुकारला, त्या दिवशी त्यांनी शटर अर्धं ओढून दुकान चालू ठेवलं. कारण काय, तर एका शिक्षिकेला तिचं घड्याळ त्याच दिवशी द्यायचं कबूल केलं होतं. राजकारण म्हणाल तर एवढंच. दुपारी आठ जण आले. हातात उघड्या दुकानांची यादी होती. त्यांनी बाबांचा उजवा हात काउंटरवर धरला आणि शटर ओढायच्या लोखंडी आकड्यानं बोटं ठेचली. त्यानंतर बाबांना चहाचा कपही डाव्या हातानं धरावा लागला, मग घड्याळाचे स्क्रू कुठले. सरकारी अहवालात मात्र छापून आलं, ‘दोन गटांत हाणामारी, एक जखमी.’ बाबा अहवाल घेऊन कचेरीत गेले आणि विचारलं, “मी कोणाला हाणलं, तेवढं दाखवा.” कारकुनानं त्यांना दुसऱ्या खिडकीकडे पाठवलं, आणि दुसऱ्या खिडकीनं परत पहिल्या.

तेव्हापासून त्यांची एकच इच्छा होती. झालं तसं, एकदा कुठंतरी छापून यावं. मुलानं हा विषय घेतल्यावर म्हातारा मोहरला. “आता हा लिहील,” असं भेटेल त्याला सांगू लागला. ताई कामावरून आली की रोज विचारायचा, “माझं प्रकरण आलं का?”

ताई छापखान्यात मुद्रितं तपासायची. पंचवीस वर्षं तेच काम. मालकांनी पहिल्या दिवशी सांगून ठेवलं होतं: ऱ्हस्व-दीर्घ बघायचं, मजकुराला हात लावायचा नाही, शंका आली तर समासात प्रश्नचिन्ह टाकून लेखकाला विचारायचं. दोन वर्षांनी मधल्याचा प्रबंध अर्थातच तिच्याकडेच आला, फुकटची बहीण असल्यावर दुसरीकडे कोण जातो? पहिली तीन प्रकरणं म्हणजे शब्दांचा नुसता भुसा. चौथं निघालं ते त्यांच्याच रस्त्याचं.

‘बंदच्या काळात दोन गटांमध्ये उद्भवलेल्या संघर्षात एका व्यावसायिकास दुखापत झाली. या घटनेबाबत परस्परविरोधी कथने आढळतात. प्रत्यक्षदर्शी उपलब्ध नाही.’

शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. ताईनं तिसरं वाक्य पुन्हा वाचलं आणि तिचं डोकंच फिरलं. प्रत्यक्षदर्शी दुकानाच्या माळ्यावर होता. चौदा वर्षांचा होता, खोक्यांमागं पालथा पडून सगळं बघत होता. ते लोक गेल्यावर बाबांचा हात फडक्यात त्यानंच गुंडाळला. आठांपैकी सहा जणांची नावं त्यानं ताईला घडाघडा सांगितली होती. आणि तोच आता लिहितोय की कोणी सापडलं नाही. ताईला त्याची इतकी किळस आली की तिनं कागद टेबलावर उपडा घातला आणि उठून पाणी प्यायली. मग समासात प्रश्नचिन्ह टाकलं आणि लिहिलं, ‘लेखकाला विचारा: आपण त्या दिवशी कुठे होता?’

रविवारी मधला मुद्रितं न्यायला आला. समासातली ओळ वाचली आणि हसला, वर्गातल्या ढ पोरानं काही विचारल्यावर मास्तर हसतात तसा.

“ताई, हे खोडून टाक. मी साक्षीदार म्हटलं की मी एका बाजूचा झालो. मग माझं कोण ऐकणार? गाईडनंही हेच सांगितलं.”

“गाईड होते का माळ्यावर?”

“तू भावनेनं बघतेस.”

“मी डोळ्यांनी बघते. तूही बघितलं होतंस.”

बाबा पलंगावर टेकून बसले होते. “वाच,” ते म्हणाले. “माझं आहे ना ते?” मधल्यानं डोळ्यांनी खुणावलं, नको. ताईनं तिन्ही वाक्यं वाचली, जशीच्या तशी, काना-मात्रा न बदलता.

बाबा टेकणं सोडून सरळ बसले. मग मुलाला म्हणाले, “दोन गट म्हणतोस. माझ्या गटात कोण कोण होतं?”

“बाबा, तो पारिभाषिक शब्द आहे.”

“असेल. तरी नावं सांग. मला आठवेनात.”

मधला खुर्चीत सरसावून बसला आणि सुरू झाला. संघर्ष हा कसा दुहेरी असतो, कथनाला कथन म्हणूनच कसं पाहावं लागतं, दोष देण्यापेक्षा पुढं जाणं कसं महत्त्वाचं असतं. ताई त्याच्याकडे बघत राहिली. सख्खा भाऊ, आणि त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. बोलता बोलता त्याचं लक्ष बाबांच्या चेहऱ्याकडे गेलं आणि तो घाईघाईनं म्हणाला, “अहो, पहिलं पान तर बघा. अर्पण तुम्हालाच केलंय. ताई, वाच ना ते.”

तिनं वाचलं. “ज्यांनी मला क्षमा करायला शिकवलं, त्या बाबांना.”

“मी कोणाला क्षमा केली?” बाबांनी विचारलं.

“म्हणजे, तुम्ही कधी सुडाची भाषा केली नाहीत...”

“क्षमा मागायला कोणी घरी आलं होतं? मी झोपलेलो असताना आलं असेल, तर सांग. मला माहीत नाही.”

मधला कागदांच्या कडा जुळवत बसला.

“ती ओळ खोड,” बाबा ताईला म्हणाले.

“ताई, तो माझा मजकूर आहे,” मधला म्हणाला.

“आहे ना. पण त्यातला बाप मी आहे,” बाबा म्हणाले. “कोणा व्यावसायिकाला दुखापत झाली, एवढं लिहिलंयस, ते राहू दे. तो मीच असेन. वडील म्हणून मला घालू नकोस.”

ताईनं लाल पेन उचललं आणि ती ओळ खोडली.