तीनशे दोनच्या खिडकीतून आलेली वाटी

आधी माफी मागते. माझं अक्षर फार वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली. रेखाच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या, जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यावर लिहिते आहे. कोणाला दाखवीन की नाही अजून ठरवलं नाही. तोंडाने सांगायला गेले की माझी मान खाली जाते आणि अर्धं सांगायचं राहून जातं. म्हणून हे लिहिणं.

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्या जैनथकडच्या खेड्यात कोणाच्या भाकरीत राख निघाली, कोणाच्या लुगड्यावर फुल्या उठल्या की लोक लगेच भानामती म्हणतात. सगळ्या बाया बघायला धावायच्या, मी मात्र पालकाच्या जुड्या बांधत बसायची. ज्यांना काम नाही त्यांना भुतं दिसतात, असं म्हणायची. आता म्हणवत नाही...

आमची नदीकडे दोन एकर भाजी आहे आणि रस्त्याला लागून एक एकर वेगळं. बावीस वर्षं मी ऑटोने आदिलाबादच्या बाजारात भाजी घेऊन येते. आता गुडघे बोलतात. रेखा शहरातच एका दवाखान्यात नर्स आहे, भाड्याच्या खोलीत राहते. तिच्या बाबांनी ठरवलं, शहरात आपलाच एक फ्लॅट घेऊ, दोघींची सोय होईल. माझ्या चिट्टीचे, म्हणजे भिशीचे, आणि गाठीला बांधलेले मिळून चार लाख झाले होते. बावीस वर्षांची कमाई म्हणजे तेवढीच.

बिल्डिंग गावाबाहेरच्या रस्त्याला. खाली गाड्यांची जागा, वर तीन माळे. आम्हाला दाखवला तो तिसऱ्या माळ्यावरचा, दारावर खडूने ३०२ लिहिलेलं. फरशी बसलेली, रंग झालेला. बांधणारे शेठ हिंदी बोलायचे, मला बहनजी म्हणायचे. बावीस लाख सांगितले. यांनी चार लाख देऊन टाकले आणि शेठकडून एका पांढऱ्या कागदावर लिहून घेतलं.

इथे आमची चूक सांगते. आमच्याकडे वावर असंच घेतात. पांढऱ्या कागदावर चार ओळी, दोन साक्षीदार, सही नाहीतर अंगठा. त्याला सादाबैनामा म्हणतात. आमची सगळी जमीन यांच्या वडिलांनी तशीच घेतली आणि कधी भांडण झालं नाही, कारण कोणाचा धुरा, म्हणजे बांध, कुठे आहे ते सगळ्या गावाला माहीत असतं. यांना वाटलं, फ्लॅटचंही तसंच.

मग शेठ म्हणाले, दसऱ्याच्या आत आणखी दहा लाख दिले तर दोन लाख कमी करीन, रजिस्ट्री मागाहून होईल. माझे दीर रस्त्याकडचं एकर घेऊन दहा लाख द्यायला तयार झाले. गुरुवारी पैसे द्यायचे ठरले. म्हणजे गुरुवारी ते एकरही जाणार होतं.

त्याआधीच्या रविवारी आम्ही दोघं फ्लॅट पुन्हा बघायला गेलो. दुपारचे बारा वाजले असतील. शेठ आणि हे पाण्याची टाकी बघायला गच्चीवर गेले. मी परक्या माणसासमोर बोलत नाही, म्हणून स्वयंपाकघरातच थांबले. ओटा किती उंच आहे ते हाताने मोजत होते.

तेवढ्यात लसणाच्या फोडणीचा वास आला.

ओट्याच्या वर एक खिडकी होती. तिच्यासमोर हात लांबवला तर पोचेल एवढ्या अंतरावर दुसरी खिडकी, तिला लोखंडी गज. मला वाटलं शेजारच्या फ्लॅटचं स्वयंपाकघर असेल. आत गॅसची निळी ज्योत दिसत होती. भिंतीवर कॅलेंडर होतं. एक बाई उभी होती... गजामुळे तिचं अर्धंच तोंड दिसत होतं. पण हात नीट दिसला. हिरव्या बांगड्या, आणि मनगटावर तुळशीवृंदावन गोंदलेलं.

"कोन्या गावची वं तू?" तिने विचारलं.

आपली भाषा ऐकून मला फार बरं वाटलं. गाव सांगितलं.

"भाजीवाली दिसतं. बोटं हिरवी हायेत तुही."

मी हसले. मग ती विचारत गेली आणि मी सांगत गेले, चार लाख दिले, दहा द्यायचे आहेत, सगळंच सांगितलं. मी अशी कोणाशी बोलत नाही. तिने विचारलं, कागद काय दिला? मी म्हटलं, पांढरा. तिचा हात कढईत थांबला.

"वावर घ्या बाई पांढऱ्या कागदावर, वावर कुठं पळून जाते. हे तं हवेतलं घर हाय."

मी ओट्यावरचा हात काढून घेतला.

"मेथीची जुडी घेतं तं उलटी करून पाह्यतं ना, मंधात सडली का म्हून?"

"पाह्यते."

"मंग घर काऊन सरळंच पाह्यून राह्यली?"

मग तिने एकेक सांगितलं, जसं सून नवी आली की सासू डबे दाखवते तसं. फ्लॅट घेतला तरी खालच्या जमिनीत आपला हिस्सा असतो, तो किती चौरस गज ते रजिस्ट्रीच्या कागदावर लिहून घ्यायचं. किती माळ्यांची परवानगी मिळाली आहे त्याचा नकाशा मागायचा. बोअरचं पाणी उन्हाळ्यात किती दिवस पुरतं ते मालकाला नाही, आधीपासून राहणाऱ्याला विचारायचं. महिन्याचा खर्च किती आणि तो कोण गोळा करतं तेही. आणि सगळ्यात आधी ईसी काढायची. ही जागा, हा फ्लॅट आजवर कोणी कोणाला विकला, कुठे गहाण ठेवला, ते सगळं त्या कागदात येतं. मीसेवा म्हणजे सरकारी दाखले मिळतात ते केंद्र, तिथे मिळते. "एक दमडी देऊ नोको तोवर," असं म्हणाली.

जिन्यात यांच्या चपला वाजल्या. तिने घाईने गजातून एक स्टीलची वाटी पुढे केली. आंबाडीची भाजी होती, गरम, वर तेल तरंगत होतं.

"चव पाह्य. वाटी वापस आन सवडीनं."

मी तिथेच बोटाने चाखली. मीठ किंचित जास्त होतं. हे आले तेव्हा वाटी माझ्या हातात होती. विचारलं, कोणी दिली? शेजारणीने, म्हटलं. शेठ जिन्याकडे वळले... त्यांनी खिडकीकडे पाहिलंसुद्धा नाही.

उरलेली भाजी रेखाने तिच्या खोलीवर भाकरीशी खाल्ली. वाटी घासताना तिला मागच्या बाजूला नाव दिसलं. भांडेवाले ठिपक्याठिपक्यांनी कोरून देतात तसं — सौ. विमल शंकर.

ईसीचा विषय मी काढला तेव्हा हे चिडले. "आपल्या बापानं सारं वावर सादाबैनाम्यावर घेतलं, कोनं खाल्लं? तू आता मेथी इकता इकता वकील झाली का?" मी नेहमीसारखी मान खाली घातली. पण रेखाने ऐकलं होतं. मंगळवारी सकाळी ती मीसेवावर गेली.

त्याच दिवशी बाजार उरकून मी वाटी परत करायला निघाले. कोणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आमच्याकडची रीत. म्हणून शेंगदाण्याचे दोन लाडू ठेवले होते. तिसऱ्या माळ्यावर गेले तर तिथे तीनच दारं, ३०१, ३०२, ३०३. ३०२ च्या खिडकीच्या बाजूला जिनाही नाही, दारही नाही. वाटलं, तिकडे जायला दुसरा जिना असेल. खाली येऊन वॉचमनच्या बायकोला विचारलं. ती तेलुगू बोलणारी, माझ्याकडून भाजी घेणारी. म्हणाली, तिसऱ्या माळ्यावर अजून कोणीच राहायला आलेलं नाही, वीजही नाही, वरच्या नळांना पाणीही नाही. माझा चेहरा बघून तिने किल्ली घेतली आणि वर आली.

मी स्वयंपाकघरात जाऊन खिडकी उघडली.

समोर काहीच नव्हतं.

खिडकी नाही, भिंत नाही, गज नाहीत. शेजारचा मोकळा प्लॉट, त्यात बाभळी, आणि पलीकडे कोणाची तरी कपाशी. खाली तीन माळे सरळ. वाऱ्याने माझा पदर उडाला. ज्या जागेवरून तिने हात पुढे केला होता तिथे उभं राहायला चिमणीलाही जागा नव्हती.

मी ओट्याखाली बसले. वॉचमनच्या बायकोने खालून पाणी आणलं, आणि तेवढ्यात फोन वाजला. रेखा होती. आवाज घाबरलेला.

"आई, तू कुठं हायेस? ईसी आली. तीनशे दोन तं दोन सालाआधीच इकला हाय. रजिस्ट्री झाली हाय."

"कोनाच्या नावावर?"

"वाटीवर हाय ना... तेच नाव."

लाडवांची वाटी पिशवीत परत ठेवून मी जिना उतरले.

गुरुवारी पैसे दिले नाहीत. ईसी यांनी स्वतः तीनदा वाचून घेतली. मग दिरांना निरोप पाठवला, वावर विकायचं नाही. ईसीवरच्या नंबरावरून रेखाने रजिस्ट्रीची नक्कल काढली, त्यात बाईंचा पत्ता मिळाला. त्या पांढरकवड्याला राहतात. आम्ही तिघं बसने गेलो. सगळ्या वाटेत मी एवढंच म्हणत होते, ती बाई जिवंत असू दे.

विमलबाई जिवंत होत्या, खुटखुटीत होत्या. त्यांनी स्वतःच दार उघडलं. मी आधी मनगटाकडे पाहिलं. गोंदण नव्हतं. आवाजही तो नव्हता, बारीक होता. पूर्ण पैसे देऊन त्यांनी रजिस्ट्री केली होती, पण मीटर लागलं नाही, लिफ्ट झाली नाही, असं सांगून शेठने अजून किल्ली दिली नव्हती. रजिस्ट्रीनंतर त्या आदिलाबादला एकदाही गेल्या नव्हत्या.

मी पिशवीतून वाटी काढली. त्यांनी नाव वाचलं आणि तशाच आत गेल्या. येताना त्यांच्या हातात वाट्या होत्या. एकात एक बसवलेल्या. लग्नात आलेला सेट, त्या म्हणाल्या. जमिनीवर एकेक मांडल्या. सहा. तीच घडण, तेच ठिपके, तेच नाव. माझ्या हातात सातवी.

"आंबाडीची भाजी होती हिच्यात," मी म्हटलं.

"मी तं आंबाडी खातच नाही बाई, सांधे धरते," त्या म्हणाल्या. मी सातवी त्यांच्याकडे सरकवली. मी म्हटलं, ठेवून घ्या. त्यांनी हात मागे घेतला. "माह्या सहा पुऱ्या हायेत. सातवी कोनाची घेऊ?"

लाडू मात्र त्यांनी घेतले. बदल्यात वाटीत साखर घालून दिली.

पुढचं थोडक्यात लिहिते. विमलबाई रजिस्ट्री घेऊन आमच्याबरोबर आल्या. शेठने दारात दोन मालकिणी एकदम पाहिल्या आणि खुर्चीत बसून राहिले. ठाण्यात जाऊ म्हटल्यावर त्यांनी विमलबाईंना किल्ली दिली आणि आमचे पैसे परत करायचे कबूल केले. तीन वेळा करून दिले. आधी दीड लाख, मग दोन. उरलेल्या पन्नास हजारांसाठी यांनी किती चकरा मारल्या ते तेच जाणोत.

मी खूप विचार केला. ऊन लागलं असेल म्हणावं, तर भाजी रेखाने खाल्ली. स्वप्न म्हणावं, तर वाटी फळीवर आहे. कोणाचा आत्मा म्हणावं, तर विमलबाई महिन्यातून एकदा फोन करतात. मग ती कोण होती, आणि हे नाव तिच्या वाटीवर कसं... शिकलेल्या माणसांना समजलं तर मला सांगावं. मी ती वाटी अजून एकदाही रिकामी ठेवलेली नाही.

काल शेठ स्वतः रेखाच्या खोलीवर आले. उरलेले पन्नास हजार ठेवले आणि पांढरा कागद परत मागितला. हे आतून कागद आणायला उठले. मी म्हटलं, थांबा जरा. परक्या माणसासमोर मी एवढं मोठ्याने पहिल्यांदाच बोलले असेन. आधीचे साडेतीन लाख ट्रंकेतून काढून शेजारी ठेवले. मग मांडीवर एकेक गड्डी घेऊन मेथीच्या जुडीसारखी उलटी करून पाहिली, मधली नोट न् नोट. हे बघत राहिले, हसले नाहीत.

चार लाख पुरे होते. मग कागद दिला.