गेनपेईची पकड

शिगेनो सकाळी उठली तेव्हा शेजारची गादी थंडगार पडलेली होती. पुढचं दार सताड उघडं. उंबऱ्यापासून अनवाणी पावलं निघाली होती आणि नव्या बर्फात दिसेनाशी झाली होती.

ती तशीच रस्त्यावर धावली. तोफूवाला मात्सुए दुकानाच्या फळ्या काढत होता.

"आमचे हे दिसले का हो?"

"सेन्सेई? फिरायला गेले असतील. काकू, त्यांना बर्फाची कसली भीती? बर्फच घाबरेल त्यांना!"

मात्सुएचं तरी काय चुकलं? शिगेनोचा नवरा ओरितो गेनपेई, गावाचा सेन्सेई म्हणजे गुरुजी, दोनदा सगळ्या जपानचा ज्यूदो विजेता. दुसऱ्यांदा तर मोडक्या बोटानं जिंकलेला. स्टेशनसमोर त्याचा पुतळा होता, मिठाईवाला त्याच्या नावाचे मांजू, गोड सारणाचे उंडे, विकायचा. पण गेली चार वर्षं तो बायकोलाच ओळखत नव्हता, हे गावाला ठाऊक नव्हतं. शिगेनोनं ते लपवलं होतं. कुणी भेटायला आलं की गुडघे दुखतात म्हणायची, दारातूनच परत पाठवायची. सह्या मागितल्या की आत जाऊन स्वतःच करून आणायची.

"अहो, त्यांना सदऱ्याची बटणं लावता येत नाहीत!" ती किंचाळली. "घर कुठलं ते कळत नाही त्यांना!"

मात्सुएच्या हातातली फळी खाली पडली.

दोन तासांनी गेनपेई सापडला. शेतांपलीकडच्या कालव्यात, कमरेएवढ्या पाण्यात. निहेई नावाचा तरुण पोलीस त्याला काढायला उतरला, तर म्हाताऱ्यानं त्याचीच कॉलर धरली. एक्क्याऐंशी वर्षांची बोटं, पण सुटता सुटेनात. निहेईचा चेहरा काळानिळा पडत चालला. काठावर जमलेल्यांतलं कुणीतरी कौतुकानं म्हणालं, "अजून काय पकड आहे बघा!"

शिगेनो घसरत पाण्यात उतरली. "अहो, सोडा त्याला! मी आहे, शिगेनो!"

नाव ऐकून त्याच्या डोळ्यांत काहीच हललं नाही. तिनं बोटं ओढून पाहिली, दंडाला चावली, रडली. शेवटी काही सुचेना, तेव्हा ज्यूदोत हार मानणारा खेळाडू प्रतिस्पर्ध्याला मारतो तशा तिनं त्याच्या खांद्यावर दोन थापा मारल्या. थप, थप.

बोटं उघडली. गेनपेई एक पाऊल मागे सरला आणि पाण्यातच तिच्यापुढे कमरेत वाकला.

"चांगला लढलास, पोरा," तो तिला म्हणाला.

थंडीनं गोठलेली त्याच्या पायाची तीन बोटं कापावी लागली. वर्तमानपत्रात मात्र छापून आलं: 'एक्क्याऐंशीव्या वर्षीही अजिंक्य!' पुतळ्यापाशी फुलं वाढली. निहेई गळ्याला पट्टा बांधून इस्पितळात आला.

"काकू, सेन्सेईंना काही आठवत नाही, हे मी कुणाला बोललो नाही हं."

"का नाही बोललास?" ती म्हणाली. "मी चार वर्षं बोलले नाही, त्याचं काय झालं ते पाहिलंस ना? सांग सगळ्यांना. माझ्यानं आता होत नाही रे."

महिन्याभरानं तिनं त्याला वृद्धाश्रमात नेलं. दारातच एक परिचारिका कोरा पुठ्ठा आणि कुंचला घेऊन उभी होती. "सेन्सेई, एक सही! आमचे आजोबा तुमचे फार चाहते होते."

शिगेनोचा हात सवयीनं कुंचल्याकडे गेला, आणि तिनं तो मागे घेतला.

"त्यांना लिहिता येत नाही," ती म्हणाली.

परिचारिका गोंधळून हसली आणि पुठ्ठा पाठीमागे लपवू लागली. गेनपेई तिच्या शुभ्र कॉलरकडे टक लावून पाहत होता. शिगेनोनं त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरून ठेवले.