दिव्याची दोरी

हरिपुरात आल्यावर बिराप्पाला बरेच दिवस कुणी नावानं हाक मारली नाही. 'ए दुष्काळी' म्हटलं की तो वळून बघायचा, इतकं ते नाव त्याच्या अंगवळणी पडलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात जतकडच्या माणसांची जी दाणादाण उडाली, तिच्यात हा गडी सांगलीच्या बाजूला येऊन पडला. बापजाद्यांपासून मेंढरं राखणारं घर. आधी चारा संपला, मग पाणी संपलं, मग मेंढरं संपली. बिराप्पानं सरकारी कामावर खडी फोडली, तिथं वाटत ती सुकडी खाल्ली, आणि तेही काम बंद झालं तेव्हा बायकोला म्हणाला, "रंगू, चल. हितं आता आपलं काय ऱ्हायलं न्हाई." रंगूबाईनं 'कुठं' म्हणून विचारलंसुद्धा नाही. डोक्यावर बोचकं घेतलं आणि त्याच्या मागून चालू लागली.

सांगलीत कुणी त्यांची वाट बघत बसलं नव्हतं. विश्रामबागेत नवे बंगले उठत होते, तिथं त्यानं पायाचे दगड वाहिले. बंगला उभा राहिला की झोपडी मोडायची आणि पुढची जागा शोधायची. मग एका वखारीत लाकडं फोडली, ती वखारही मालकानं विकली. दर खेपेला रंगूबाई तीच भांडी त्याच बोचक्यात बांधायची आणि बिराप्पा पुढं चालत म्हणायचा, "हुईल काय तरी." आत काय होत होतं ते त्यानं बायकोला कधी कळू दिलं नाही. बाप्या माणसानं भ्यायचं नसतं, अशी त्याची ठाम समजूत होती. ही समजूत त्याला पुढं किती महागात पडणार होती हे त्याला काय ठाऊक!

शेवटी हळदीच्या बाजारात पोती उचलताना त्याला आकारामनं बघितलं. आकाराम हा हरिपूरच्या पेवांवरच्या टोळीचा मुकादम. बोलायला खरखरीत, पण माणूस पारखणारा. "पितूस का रं?" त्यानं विचारलं. "न्हाई जी." "लय बोलतूस?" बिराप्पानं नुसती मान हलवली. आकाराम हसला आणि म्हणाला, "मग ये."

हरिपूरची माती ओल धरत नाही, म्हणून तिथं हळद जमिनीखाली पेवात ठेवतात. वर माणूस कसाबसा जाईल एवढं तोंड आणि आत खोलीएवढी पोकळी. हळद भरायची, तोंडावर फरशी टाकून मातीनं लिंपायचं, मग ती वर्षानुवर्षं सुखानं राहते. हळद राहते, पण आतली हवा माणसाच्या कामाची राहत नाही. बंद पेवात असा वायू साठतो की उतरलेला माणूस हाक न मारता आडवा होतो. म्हणून पेव उघडलं की ते आधी बराच वेळ तसंच वाऱ्याला ठेवायचं आणि मग दोरीनं कंदील सोडायचा. कंदील खाली हळदीला टेकला आणि तरीही जळत राहिला तरच माणूस उतरायचा. विझला तर उतरायचं नाही, मग वर ट्रक खोळंबो नाहीतर मालक बोंबलो.

त्या कंदिलाला आणि त्याच्या दोरीला टोळीत कुणी हात लावत नसे. अवजारांच्या खोपीत वेगळ्या खुंटीवर ते टांगलेलं असायचं. बिराप्पा यायच्या आधी एका गड्यानं स्टोव्हसाठी त्या कंदिलातलं थोडं रॉकेल काढून घेतलं होतं. त्याच दिवशी त्याची भांडी रस्त्यावर आली. त्याची बायको पाया पडली, पोरं रडली, पण आकाराम हलला नाही. आसपासच्या पेवांवर सगळ्या टोळ्यांना हे कळलं आणि त्या माणसाला कुणी उभं केलं नाही.

आणि हाच कंदील वर्षभरानं आकारामनं बिराप्पाच्या हाती दिला. तो दारूला शिवत नव्हता, कामात बडबडत नव्हता, म्हणून. पेवाच्या तोंडाशी बसून तो दोरी सोडायचा, दोरी हातात ढिली पडली की "टेकला!" म्हणून आवाज द्यायचा. त्या एका शब्दावर अंगापिंडानं दणकट गडी बिनघोर खाली उतरायचे. तेव्हापासून 'दुष्काळी' मागं पडला आणि टोळीत त्याला बिराप्पा म्हणू लागले. राहायला तीच अवजारांची खोप मिळाली. तिथंच हरणा जन्मली. मुलगी झाली म्हणून टोळीतल्या जोतिबाच्या आईनं गूळ वाटला, तेव्हा रंगूबाई पदर तोंडाला लावून रडली. आपलं म्हणणारं कुणी भेटलं की माणूस असाच रडतो.

आता त्या दिवसाची गोष्ट. एक पेव अर्धं रिकामं झालं होतं. पुढं सण आला, बाजार बंद राहिला, आणि आभाळ भरून आलं म्हणून टोळीनं तोंडावर पुन्हा फरशी टाकून लिंपून घेतलं. बाजार उघडला त्या दिवशी सकाळीच ट्रक येऊन उभा राहिला. व्यापाऱ्याचा दिवाणजी छत्री घेऊन हेलपाटे घालू लागला. "आवं मुकादम, संध्याकाळच्या आत माल भरायचाय." आकारामनं त्याच्याकडं न बघता तंबाखू मळली. "पेवाला वारं खाऊ द्या. तुमीबी तवर चा घ्या." फरशी काढून पेव दुपार कलेपर्यंत तसंच ठेवलं. मग त्यानं बिराप्पाला खूण केली.

बिराप्पानं कंदील पेटवून दोरीच्या आकड्याला अडकवला आणि खाली सोडला. माल निम्मा काढला होता, त्यामुळं तळ खोल गेला होता. वेटोळ्यामागून वेटोळं सुटत गेलं. आता ढिली पडेल, आता पडेल, म्हणता म्हणता दोरीचं शेवटचं टोक त्याच्या मुठीत आलं. दोरी तरीही ताठच होती. कंदील खाली अधांतरी लोंबत होता आणि छान जळत होता.

त्यानं मूठ उघडून बघितलं. टोक झिजलेलं नव्हतं, पिंजलेलं नव्हतं. कोयत्यानं सपकन कापलेलं होतं.  खोपीत हरणाला मुंग्या चावायच्या म्हणून रंगूबाईनं तिला झोळी बांधली होती. काल रात्री त्यानंच ती झोळी हलवली होती. जाड पिळाची दोरी, हाताला रॉकेलचा वास आला होता. कुठून आणलीस, म्हणून त्यानं विचारलं नव्हतं. विचारायचं कशाला? मेंढरांच्या वाड्यावर दोरी कुणा एकाची नसते. ज्याला लागेल त्यानं कापून घ्यायची, कुणी कुणाला विचारत नाही. रंगूबाई जन्मभर तेच करत आली होती, आणि खुंटीवरची दोरी तिला नुसती दोरीच होती. ह्या दोरीला हात लावायचा नाही हे तिला सांगायला पाहिजे होतं बिराप्पानं, आणि त्याचं ते राहून गेलं होतं.

"काय रं, टेकला?" आकारामनं डोक्याचा पटका सोडत विचारलं.

बिराप्पाच्या डोळ्यांसमोर रस्त्यावर आलेली ती भांडी उभी राहिली. त्या बाईच्या जागी रंगू दिसली, तिच्या कडेवर हरणा दिसली. पुन्हा बोचकं, पुन्हा वाट.

"जळतूय," तो म्हणाला.

विचारलं काय आणि सांगितलं काय! पण ट्रकचं इंजिन धडधडत होतं, दिवाणजीची कटकट चालू होती, आणि दोन वर्षांत बिराप्पाचा शब्द कधी खाली पडला नव्हता. आकारामनं धोतराचा काचा मारला आणि तो पेवाच्या तोंडाशी येऊन बसला. त्याचे पाय आत गेले.

"मुकादम!" बिराप्पा एवढ्या जोरात ओरडला की दिवाणजीसुद्धा दचकला. "आज म्या उतरतू."

"तू? तू कवा उतरलाईस?"

"शिकाय नगं का? किती दीस नुसता दिवाच सोडू?"

आकारामनं त्याच्याकडं निरखून बघितलं. मग खूश होऊन पाय वर घेतले. "आस्सं म्हण की गड्या!" त्यानं स्वतःच्या हातानं बिराप्पाच्या कमरेला दोर बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली आणि दोराचं टोक जोतिबाकडं दिलं. पहिल्यांदा उतरणाऱ्याला असा दोर बांधायची टोळीची रीत होती. कंदिलाची दोरी बिराप्पानं आधीच पेवाच्या तोंडाशी ठोकलेल्या खुंटीला बांधून टाकली होती, कापलेलं टोक खाली दाबून.

त्याचा बेत असा होता. कंदिलापर्यंत उतरायचं, कंदील हातात घेऊन खाली धरायचा. जळत राहिला तर देवच पावला. विझला तर भराभर वर यायचं आणि वायू हाय म्हणून सांगायचं. काम उद्यावर जाईल, रात्री दोरीला तुकडा जोडता येईल, कुणाला काही कळायचं नाही. बेत ऐकायला चांगला होता. फक्त मधे श्वास घ्यावा लागतो हे तो विसरला होता.

उतरण्यासाठी पेवात सोडलेल्या मोठ्या दोराला पायांची कात्री घालून तो सरकत खाली गेला. आत उबारा होता, हळदीचा वास नाकात चढत होता. वरचा उजेड ताटाएवढा झाला, मग वाटीएवढा. कंदील हाताशी आला. त्यानं तो आकड्यातून काढला आणि वाकून, हात लांब करून खाली धरला. ज्योत आधी आखडली. मग निळसर झाली. मग गेली.

बिराप्पानं वर बघितलं आणि ओरडायला तोंड उघडून श्वास घेतला. तिथंच तो फसला. छातीत काहीच शिरलं नाही. कानात घूं घूं सुरू झालं. हाताला 'वर चढ' म्हणून सांगितलं तर हात ऐकेना, दोर मुठीतून सुटत होता आणि ते त्याला नुसतं दिसत होतं. मरायचं भय इतकं उघडंनागडं त्याला आयुष्यात पहिल्यांदा भेटलं. आणि तेवढ्यात वरून आवाज आला, आणि तो आवाज रंगूचा होता.

"वडा! आवं, त्यांस्नी वर वडा! दोरी तोकडी हाय! म्या कापलीया दोरी!"

कमरेला हिसका बसला. पुढचं त्याला काही आठवत नव्हतं.

डोळे उघडले तेव्हा तो पाठीवर पडला होता आणि जोतिबा पोत्यानं वारा घालत होता. कमरेभोवती दोरानं सालटं निघालं होतं. रंगूबाई हरणाला कडेवर घेऊन उभी होती, तिच्या पायाशी भाकरी मातीत पडल्या होत्या. झालं होतं असं. भाकरी घेऊन आली तेव्हा तिला खुंटीला ताठ झालेली दोरी दिसली, आणि खाली दाबलेलं कापलेलं टोक दिसलं. आपण कापलेलं माणसाला ओळखू येतंच. "ही दोरी कशाची?" तिनं जोतिबाला सहज विचारलं. "दिव्याची, वैनी. बिराप्पा उतरलाय खाली." दिवा टेकल्याशिवाय उतरायचं नाही, एवढं तिनं टोळीत ऐकलं होतं, आणि ती किंचाळली. आपल्याला हाकलतील की ठेवतील, हा विचार तिच्या मनात आलाही नसेल.

आकाराम बिराप्पाजवळ उकिडवा बसला. बिराप्पा उठून बसला तसा त्यानं खाडकन त्याच्या थोबाडीत दिली.  

"तिनं दोरी कापली. ती पेवावर काम करणारी न्हवं, तिला कुणी सांगितलं न्हाई. पर तुला समदं ठावं हुतं. तरी 'जळतूय' म्हणालास. माझं पाय आत हुतं रं, बिराप्पा."

"म्हून तर म्या उतरलो," बिराप्पा पुटपुटला.

"व्हय. माझ्या जागी मराय गेलास, पर खरं बोलाय गेला न्हाईस. आज काम थांबलं असतं, येवढंच झालं असतं की." आकाराम उठला आणि पटका झटकून म्हणाला, "ऱ्हावा हितंच. पोती उचल, हळद भर, काय बी कर. पर ह्या दिव्याला तुजा हात पुन्हा लागायचा न्हाई."

दिवाणजी काही बोलायला पुढं झाला, पण आकारामचं तोंड बघून त्यानं छत्री मिटली आणि तो ट्रककडं गेला.

बिराप्पा खोपीकडं आला तर रंगूबाई भांडी बोचक्यात घालत होती.

"आगं, ऱ्हावं दे. मुकादम ऱ्हावा म्हणालाय."

तिनं हात थांबवला नाही. "ठिवायचं का न्हाई, त्यो त्यांचा इचार. तुमच्यासंगं ऱ्हायचं का न्हाई, त्यो माझा."

जतपासूनची वाट चालताना, मेंढरं मेली तेव्हा, लाकडाच्या वखारीबाहेर पावसात उभं राहताना ती असं कधी बोलली नव्हती. बिराप्पा उंबऱ्यातच बसला.

"तुला हाकलत्याल, म्हून गप बसलो."

"माझं कुकू पुसून माझी लाज राखाया निगाला व्हता व्हय? म्या मागितली व्हती?" आता तिचा आवाज फुटला. "भांडी रस्त्याव आली तर यऊ द्यात की! रस्त्याव काय आपुन पयल्यांदा ऱ्हायलो आस्तो? समदं मिळून ऱ्हायलो आस्तो. पोरीला बाप आस्ता."

 त्याचं तोंड अजून एका बाजूनं लाल होतं. मग मान खाली घालून, कुणीतरी जबरदस्तीनं काढून घ्यावं तसं तो म्हणाला, "मला भ्या वाटलं गं. पुन्हा त्या वाटंचं. जत सोडल्यापासनं रोज वाटतंय."

रंगूबाई त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं बोचक्यातून तवा काढला, चुलीवर ठेवला आणि पिठाच्या डब्याला हात घातला.

"येवढंच व्हतं तर सांगायचं," ती म्हणाली. "मला काय भ्या वाटत न्हवतं?"