डाव्या पायाची इमानदारी

तुम्ही चहा घ्या, मी माझी फजिती सांगतो. फक्त हसू आलं की कप खाली ठेवा.

मी दारव्हा ते नेर जीप चालवतो. त्या स्टेअरिंगवर पोट भरतं आणि सासरवाडीत मानही मिळतो. म्हणजे मिळायचा. मग धाकटा साडू आला, गजानन. यवतमाळात लकवा झालेल्यांना पुन्हा चालायला शिकवणारा डॉक्टर. तेही मी सहन केलं. पण या दिवाळीला पठ्ठ्याने नवी कोरी बिनक्लचची गाडी आणली.

सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, गजाननरावची गाडी पाहा. तुमच्या जीपमंदी माही कंबर मोडते."

जळलो. खोटं कशाला बोलू?

"किल्ली दे गजानन. आईले मी फिरवून आणतो."

"भाऊ, हिले क्लच नाई. डावा पाय मोकळा ठेवजा."

"आता तू मले गाडी शिकवतं काय?"

बायको शेजारी, गजानन आणि सासूबाई मागे. गाडीने वेग घेतला आणि माझा डावा पाय नेहमीसारखा गिअरसाठी खाली गेला. जीपमध्ये तिथे क्लच असतो. हिच्यात होता रुंद ब्रेक. गाडी जागीच थबकली आणि सासूबाईंच्या मांडीवरचा चिवड्याचा डबा माझ्या डोक्यावर रिकामा झाला. पुन्हा निघालो, पुन्हा तेच. मी पायाला बजावत होतो, पण तो कुठला ऐकतो?

"काय झालं जावईबापू?"

मोठ्या जावयाला गाडी जमत नाही, हे धाकट्यासमोर कसं सांगू? त्यापेक्षा आजार बरा. म्हणालो, "आई, पाय ऐकून नाई राह्यला."

"अवं माय, लकवा!"

गजाननने मला एका ओट्यावर बसवलं, पुढे वाकला आणि गुडघ्याखाली हाताच्या कडेने ठोका दिला. पाय उडाला तो थेट त्याच्या हनुवटीवर. दिवाळीतलं माझं सुख तेवढंच.

"हे मेंदूले न इचारता होते," हनुवटी चोळत तो म्हणाला. "निरोप पाठीच्या कण्यातूनच परत फिरते."

"मंग यायचं बोलणंबी तिथूनच येत असन," बायको माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली.

"आई, पाय ठणठणीत हाये. मेंदूले क्लचची सवय..." गजानन समजावू लागला.

पण सासूबाईंनी पाय आपोआप उडताना स्वतः पाहिला होता. त्या रडायलाच लागल्या. मीही घरापर्यंत लंगडत गेलो.

त्यांनी फोनवरून सगळ्या गणगोताला कळवलं. दिवाळीनंतर स्टँडवर जीप लावली. एक बाई चढली, माझ्याकडे पाहिलं आणि उतरली.

"काहून उतरल्या काकू?"

"लकव्याच्या मानसाच्या जीपमंदी कोन बसन बापा?"

तिच्यामागे सगळेच उतरले. दुपारपर्यंत जीपमध्ये मी एकटा. शेवटी नाक मुठीत धरून गजाननला फोन केला. आला बिचारा, त्याच गाडीतून, काळजीने निघालेल्या सासूबाईंना घेऊन. स्टँडच्या मधोमध उभा राहून मोठ्याने म्हणाला,

"आयका हो, मी डॉक्टर हाये. यायचा पाय एकदम चांगला हाये. यायले फक्त माही गाडी चालवता येत नाई."

सगळं स्टँड हसलं, पण जीप भरली. सासूबाईंसाठी मी पुढची सीट राखून ठेवली होती. त्यांनी साडूच्या गाडीची काच खाली केली, "हळू चालवजा जावईबापू" म्हणाल्या आणि माझ्यापुढे निघून गेल्या.